पॅनल शाबूत आहे, ओळ चुकीची मोजली आहे

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

बसस्थानकावर, देवस्थानाच्या आवारात, फेरीबोटीच्या धक्क्यावर, पंचायतीच्या व्हरांड्यात हल्ली पडदे लागले आहेत. एखाद्या पडद्यावरची अक्षरे तिरक्या फरांट्यांसारखी ताणली गेली, केशरी रंग निळा झाला, किंवा सरकती ओळ मधोमध तुटून दोन तुकड्यांत धावू लागली, की उत्तर ठरलेले असते : ‘दमट हवा आहे हो, पॅनल गेला.’ गोव्याच्या पावसावर कशाचेही खापर फोडता येते. वायर कुजते, पिनांवर हिरवा गंज चढतो, हे खरेच आहे. पण वरच्या तिन्ही खोडी हवेच्या नव्हेत. त्या प्रोग्रामच्या आहेत, आणि तिन्हींचा उगम एकाच ठिकाणी आहे : चित्राची मेमरी प्रोग्रामच्या हाती थेट देण्याच्या पायरीवर. पॅनल बदलून त्या जात नाहीत. नवा पॅनल वेगळ्या रुंदीचा निघाला तर कधी योगायोगाने जातातही, आणि मग जुना पॅनलच वाईट होता अशी सगळ्यांची खात्री पटते.

फर्मागुढीपासून कुंकळ्ळीपर्यंत अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि म्हापसा-मडगावातले छोटे व्यावसायिक लिनक्सवर चालणारा एखादा लहान बोर्ड घेऊन असे फलक उभे करतात. हे पत्र त्यांच्यासाठी आहे, आणि फलक विकत घेणाऱ्या समित्यांसाठीही. पत्र लांबले आहे. कात्री लावायचीच तर संपादकांनी ती ‘पिच’वरच्या, म्हणजे ओळीच्या बाइटांच्या हिशेबाच्या, मजकुराला लावू नये, एवढी विनंती.

पडद्यावर दिसणारे चित्र म्हणजे मेमरीचा एक तुकडा. त्याला बफर म्हणतात. डिस्प्ले कंट्रोलर तो सेकंदाला साधारण ६० वेळा वरपासून खालपर्यंत वाचतो आणि पॅनलकडे पाठवतो. १९२० बाय १०८० चा पडदा आणि दर पिक्सेलला ४ बाइट धरले तर हा तुकडा ८२,९४,४०० बाइटचा होतो. त्यावर लिहिण्यासाठी दर वेळी कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, डेटा सोपवत बसण्यापेक्षा कर्नलला सांगायचे की हा तुकडाच माझ्या पत्त्यांच्या जागेत आणून जोड. ‘एममॅप’ ही सिस्टिम कॉल तेच करते. त्यानंतर प्रोग्रामने आपल्या एखाद्या अ‍ॅरेत आकडा लिहिला की तो पडद्याच्या मेमरीत पडतो. मध्ये कोणी नाही. मध्ये कोणी नसल्यामुळे चूक सावरणाराही कोणी नसतो.

जुन्या शिकवण्यांत सापडणारी पद्धत म्हणजे फ्रेमबफरची : ‘एफबी-शून्य’ ही उपकरण-फाइल उघडायची, पडद्याची माहिती विचारायची, एममॅप करायचे, लिहायचे. लिनक्समध्ये ही पद्धत आली ती मोटोरोला ६८००० घराण्यातल्या यंत्रांसाठी. अमिगा, अटारी यांच्याकडे पीसीसारखा निव्वळ अक्षरांचा मोड नव्हता, त्यामुळे कन्सोलची अक्षरेही चित्र म्हणूनच काढावी लागत. आज एफबी-शून्य उघडते तेव्हा बहुधा आत डीआरएमचा, म्हणजे कर्नलमधल्या पडदे सांभाळणाऱ्या आजच्या व्यवस्थेचा, ड्रायव्हर असतो आणि वरचा फ्रेमबफर ही नुसती नक्कल असते. काही ड्रायव्हरांवर आपण लिहितो ती सावली-प्रत असते. ती सुमारे ५० मिलिसेकंदांनी खऱ्या बफरात उतरते. म्हणजे कितीही जलद लिहा, पडदा सेकंदाला वीसदाच हलणार. भरीला कन्सोलचा कर्सर चित्रावर लुकलुकत राहतो; तो घालवायला कन्सोल ग्राफिक्स मोडमध्ये न्यावा, आणि प्रोग्राम मध्येच कोसळला तर तो परत टेक्स्ट मोडमध्ये आणायला कोणी उरत नाही, त्यामुळे मशीन मेले असे वाटते. नव्या कामासाठी ही वाट धरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आजची वाट डीआरएम-केएमएसची, म्हणजे पडद्याचा मोड कर्नलकडूनच लावून घेण्याची. ‘डीआरआय’ फोल्डरातली ‘कार्ड’ नावाची फाइल उघडायची. रास्पबेरी पाय ४ या लहान बोर्डावर अशा दोन असतात : एक त्रिमिती चित्रांच्या इंजिनाची, दुसरी प्रत्यक्ष पडद्याची. कोणती कार्ड-शून्य आणि कोणती कार्ड-एक होईल याची खात्री नसते. म्हणून क्रमांक कोडात गोठवू नये. प्रत्येक कार्ड उघडून कनेक्टर (पडद्याची जोडणी) आणि सीआरटीसी (बफर वाचून चित्र पाठवणारा भाग) मिळतात का ते पाहावे, आणि डंब बफर, म्हणजे प्रोसेसरने थेट लिहायचा साधा बफर, देण्याची क्षमता आहे का हेही विचारून घ्यावे. शेजारी ‘रेंडर-डी१२८’ नावाची फाइल दिसते, ती या कामाची नाही. तिच्यावर डंब बफर मागितला की ‘परमिशन डिनाइड’ मिळते, आणि मग लोक परवानग्या बदलत बसतात. खऱ्या कार्डावरही पडद्याचा मोड लावताना तोच नकार आला, तर बहुधा मागे डेस्कटॉप चालू असतो आणि पडद्याची मालकी त्याच्याकडे असते. डेस्कटॉप बंद करावा किंवा दुसऱ्या टेक्स्ट कन्सोलवर जावे. सुडोचा, म्हणजे प्रशासकाच्या अधिकारांचा, मारा करून उपयोग नाही.

पुढचा क्रम असा. ‘क्रिएट डंब’ला रुंदी, उंची आणि दर पिक्सेलचे बिट, म्हणजे ३२, द्यायचे. ही रचना आधी शून्यांनी भरून घ्यावी, नाहीतर फ्लॅग्जच्या जागी स्टॅकवरचा, म्हणजे मेमरीत आधीचा उरलेला, कचरा जातो. उत्तरात तीन आकडे येतात : हँडल (बफरचा ओळख-क्रमांक), पिच (त्याबद्दल पुढे) आणि साइज (बफरचे एकूण बाइट). ‘अ‍ॅडएफबी-दोन’ला हँडल, पिच आणि पिक्सेलचा फॉरमॅट देऊन फ्रेमबफरचा क्रमांक मिळवायचा. ‘मॅप डंब’ला हँडल दिले की ऑफसेट नावाचा आकडा मिळतो, त्याबद्दलही पुढे. शेवटी एममॅपला तोच साइज, तोच ऑफसेट, वाचण्या-लिहिण्याची परवानगी आणि ‘मॅप शेअर्ड’, म्हणजे लिहिलेले मूळ बफरातच जावे हा पर्याय, द्यायचे. ‘मॅप प्रायव्हेट’ दिले तर सरळ नकार तरी मिळतो, नाहीतर आपली प्रत निराळी आणि पडदा निराळा अशी गत होते.

आता पिच. अर्धा महाराष्ट्र आणि सगळा गोवा इथे घसरतो म्हटले तरी फारसे चुकणार नाही.

पिच म्हणजे एका ओळीच्या सुरुवातीपासून पुढच्या ओळीच्या सुरुवातीपर्यंतचे बाइट. हा आकडा रुंदी गुणिले ४ एवढाच असेल असे नाही. हार्डवेअरला ओळ ठरावीक पटीत सुरू झालेली हवी असते, म्हणून ड्रायव्हर तिच्या शेवटी थोडी जागा मोकळी सोडतो. जुन्या लॅपटॉपांत आणि स्वस्त मॉनिटरांत सर्रास मिळणारी रुंदी १३६६ ची. १३६६ गुणिले ४ म्हणजे ५४६४ बाइट. इंटेलचा ड्रायव्हर डंब बफरची ओळ ६४ च्या पटीत नेतो; ५४६४ ला ६४ ने भाग जात नाही, म्हणून पिच येतो ५५०४. एएमडीचा ड्रायव्हर २५६ च्या पटीत नेतो, तिथे तोच मॉनिटर ५६३२ सांगतो. मॉनिटर एकच, मशीन बदलले की आकडा बदलला.

महाप्रसादाची पंगत डोळ्यांपुढे आणा. एका ओळीत १३७६ पाने मांडली आहेत, जेवणारे १३६६. शेवटची दहा पाने रिकामी ठेवायची. वाढप्याने न विचारता तेराशे सदुसष्टावे पान दुसऱ्या पंगतीचे पहिले धरले, तर दुसऱ्या पंगतीचे पहिले दहा जण पहिल्याच ओळीच्या टोकाला बसतात आणि बाकीचे सगळे दहा जागा सरकतात. तिसऱ्या पंगतीत वीस, चौथीत तीस. ५५०४ च्या बफरात ५४६४ च्या हिशेबाने लिहिले की नेमके हेच घडते : दर ओळीला चित्र १० पिक्सेल डावीकडे सरकते. ४० ओळी उंचीच्या अक्षराचा काना तळाशी पोचेपर्यंत जवळजवळ ४०० पिक्सेल वाहून जातो. शिरोरेषा तेवढी आडवी राहते, तीही पायऱ्यापायऱ्यांची. दुसरी खूण पडद्याच्या तळाशी असते. प्रोग्राम ७६८ ओळींचे ४१,९६,३५२ बाइट लिहून थांबतो. बफर ४२,२७,०७२ बाइटचा असतो. उरलेल्या ३०,७२० बाइटांत साडेपाच ओळी मावतात, आणि त्या काळ्याच राहतात. फरांट्या आणि खाली साडेपाच काळ्या ओळी एकत्र दिसल्या की पॅनल खोलायला स्क्रूड्रायव्हर शोधू नये.

ही चूक प्रयोगशाळेत का सापडत नाही? तिथला मॉनिटर १९२० चा असतो म्हणून. १९२० गुणिले ४ म्हणजे ७६८०. त्याला ६४ नेही भाग जातो आणि २५६ नेही. पिच आणि रुंदी यांत फरक उरत नाही, चुकीचे सूत्र बरोबर उत्तर देते, गुणही मिळतात. म्हणून आमचा आग्रह आहे की महाविद्यालयांनी प्रॅक्टिकलच्या टेबलावर एक तरी १३६६ चा जुना मॉनिटर मुद्दाम ठेवावा. भंगारातला चालेल. सूत्र एकच : ओळीचा क्रमांक गुणिले पिच, अधिक स्तंभाचा क्रमांक गुणिले ४. पिच ड्रायव्हरने दिलेला घ्यायचा, आणि साइजही त्यानेच दिलेला. दोन्ही स्वतः मोजायचे नाहीत, डॉक्युमेंटेशन वाचून आधीच ठरवून ठेवायचे तर मुळीच नाहीत.

ऑफसेटबद्दलही एक गैरसमज आहे. मॅप डंब देतो तो ऑफसेट म्हणजे मेमरीचा पत्ता नव्हे. तो टोकन आहे. एममॅपने ते दाखवले की कर्नलला कळते कोणता बफर हवा. ६४ बिटच्या कर्नलवर ही टोकने ४ गिगाबाइटच्या पुढून सुरू होतात, म्हणजे ३२ बिटांत मावत नाहीत. रास्पबेरी पायवर कर्नल ६४ बिटचा आणि बाकी सगळी सिस्टिम ३२ बिटची, असा संसार पुष्कळदा असतो. तिथे साध्या पद्धतीने कंपाइल केलेल्या प्रोग्राममध्ये ऑफसेटचा वरचा भाग मुकाट्याने गळतो आणि एममॅप ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ म्हणते. कोड अक्षर न् अक्षर बरोबर असतो, माणूस वेडा व्हायची पाळी येते. कंपाइल करताना फाइल ऑफसेट ६४ बिटचा असावा ही व्याख्या दिली की प्रश्न मिटतो. आणि एममॅप फसले तर उत्तर शून्य येत नाही, उणे एक येते. शून्याशी तुलना करून ‘सगळे ठीक’ मानणारे प्रोग्राम पुढच्याच ओळीत कोसळतात. खापर मात्र लिहिण्याच्या लूपवर फुटते.

रंगांचे थोडक्यात. नेहमीचा ३२ बिटचा फॉरमॅट मेमरीत निळा, हिरवा, लाल आणि एक रिकामा अशा क्रमाने बसतो. चित्र उघडणाऱ्या बऱ्याच लायब्ररी लाल, हिरवा, निळा असे देतात. जसेच्या तसे कॉपी केले की लाल-निळ्याची अदलाबदल होते, हिरवा जागेवर राहतो. यासाठी तिरंग्याइतके चांगले परीक्षाचित्र नाही : वरचा केशरी पट्टा आकाशी होतो, पांढरा तसाच, हिरव्यात डोळ्याला फरक जाणवत नाही, आणि मधले गडद निळे चक्र तपकिरी-लाल होते. १९ डिसेंबरच्या, म्हणजे गोवा मुक्तिदिनाच्या, आदल्या रात्री हे कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

आता गतीकडे येऊ. ‘मेमरी थेट मिळाली, म्हणजे आता सगळे जलद’ अशी समजूत असते. लिहिण्यापुरती ती खरी आहे. वाचण्यापुरती साफ खोटी.

पडद्याचे बफर बहुतेक वेळा प्रोसेसरच्या कॅशमधून, म्हणजे त्याच्याजवळच्या छोट्या जलद मेमरीतून, जात नाहीत. ते ‘राइट-कंबाइनिंग’ पद्धतीने जोडलेले असतात. आपण लिहिलेले बाइट प्रोसेसर एका छोट्या साठ्यात जमवतो, पीसीच्या प्रोसेसरांवर ६४ बाइटचा, आणि तो भरला की एकदम पाठवतो. रायबंदरहून चोडणला जाणारी फेरीबोट भरली की सुटते, तसे. ओळीने डावीकडून उजवीकडे लिहीत गेलात तर प्रत्येक बोट भरून जाते. स्तंभाने, म्हणजे वरून खाली उड्या मारत लिहिलेत, तर प्रत्येक बोट एका स्कूटरसाठी सुटते. वाचताना याहून वाईट. एका पिक्सेलचा रंग विचारला की रिकामी बोट पलीकडे जाते, एक माणूस घेऊन येते, आणि तोवर प्रोसेसर धक्क्यावर उभा. ग्राफिक्स कार्ड वेगळे असेल तर नदी आणखी रुंद.

‘पण आम्ही पडदा वाचतच नाही,’ असे उत्तर मिळते. वाचता. कडा गुळगुळीत असलेले अक्षर काढताना प्रत्येक कडेच्या पिक्सेलमागचा रंग घ्यावा लागतो, त्यात अक्षराचा रंग मिसळावा लागतो, मग परत लिहावा लागतो. देवनागरीत वेलांट्या, मात्रा, जोडाक्षरे, म्हणजे वळणेच वळणे. कडेचे पिक्सेल भरपूर. पार्श्वभूमीवर चित्र आणि वर सरकती ओळ असेल तर दर फ्रेमला हजारो वाचने होतात. ओळ रखडते, आणि मग ‘बोर्ड कमी ताकदीचा आहे, महागडा घ्या’ असा सल्ला येतो. महागडा बोर्ड लागत नाही. साध्या मेमरीत पडद्याएवढा दुसरा बफर घ्यावा, सगळी रंगसंगती, मिसळणे, पुसणे तिथे करावे, आणि तयार झालेले चित्र ओळी-ओळीने पडद्याच्या बफरात कॉपी करावे. १३६६ च्या पडद्यावर दर ओळीला ५४६४ बाइट कॉपी करायचे, पण पलीकडची उडी ५५०४ ची. फक्त बदललेला भाग कॉपी केला तर आणखी उत्तम. अशी सावली ठेवणे बरे की नको, याचे उत्तर देणारा एक क्षमता-प्रश्न डीआरएममध्ये आहे. विचारायला पैसे पडत नाहीत.

ओघात अक्षरांचेही सांगून टाकतो, कारण फलकावर मोडलेली देवनागरी दिसली की तिचे बिलही पॅनलच्याच नावावर फाडले जाते. एममॅपला अक्षर कळत नाही, त्याला बाइट कळतात. युनिकोडचे एकेक चिन्ह फाँटमधून उचलून शेजारी-शेजारी ठेवले तर देवनागरी होत नाही. आधी हार्फबझसारख्या लायब्ररीकडून जुळणी करून घ्यावी लागते, मग फ्रीटाइपने काढलेली आकृती सावली-बफरात ठेवायची. चाचणी नेमकी ‘मडगाव’ लिहून करतात. ‘मडगाव’ जुळणीशिवायही बरोबर दिसते. ‘डिचोली’ लिहा, पहिली वेलांटी चुकीच्या बाजूला जाते. ‘पर्वरी’ लिहा, रफाराच्या जागी पाय मोडलेला र उभा राहतो. ‘म्हापसा’ आणि ‘कुंकळ्ळी’ही लिहून पाहा. ही चार नावे नीट उमटली तर बाकीचा गोवा उमटेल.

ओळ मधोमध तुटते त्याचे कारण सोपे आहे. कंट्रोलर वरून खाली वाचत असताना प्रोग्राम त्याच बफरात लिहितो. वरचा भाग जुन्या फ्रेमचा, खालचा नव्या. उपाय म्हणजे दोन बफर. एक दाखवायचा, दुसऱ्यात लिहायचे, पूर्ण झाला की ‘पेज फ्लिप’ मागायचा आणि सूचना येईपर्यंत थांबायचे. ६० हर्ट्झच्या पडद्यावर दोन पलटींत १६.६७ मिलिसेकंद असतात. आधीची पलटी व्हायच्या आत दुसरी मागितली तर ‘बिझी’ हे उत्तर येते. ती चूक नव्हे, थोडा धीर धरा एवढाच त्याचा अर्थ. स्लीप (ठरावीक वेळ थांबण्याची आज्ञा) घालून वेळ जुळवण्याचा खटाटोप मात्र करू नये, तो आज जुळतो आणि उद्या घसरतो.

एक खोड मुख्यतः रास्पबेरी पायसारख्या एआरएम प्रोसेसरच्या बोर्डांवर भेटते आणि तिची खूण फार नेमकी असते. नव्या चित्रात इकडेतिकडे जुन्या चित्राचे बारीक आडवे तुकडे चिकटलेले दिसतात, आणि प्रत्येक तुकडा १६ पिक्सेल लांब किंवा त्याच्या पटीत. १६ गुणिले ४ म्हणजे ६४ बाइट, म्हणजे कॅशची एक ओळ. लिहिलेले अजून कॅशमध्येच आहे आणि कंट्रोलरने मेमरीतले जुने उचलले. कॅमेऱ्याचे चित्र डीएमए-बफ (उपकरणांनी आपसात वाटून घ्यायचा बफर) म्हणून घेऊन त्यावर काही लिहायचे असते तेव्हा हे हमखास होते. लिहिण्यापूर्वी सिंकची, म्हणजे कॅश आणि मेमरी जुळवण्याची, ‘स्टार्ट’ आणि लिहून झाल्यावर ‘एंड’ अशा दोन हाका द्याव्या लागतात. वाचायचे की लिहायचे तेही सांगावे लागते. हाक मध्येच अडली तर पुन्हा द्यावी. हँडलवरून डीएमए-बफची फाइल काढताना वाचन-लेखनाचा फ्लॅग राहून गेला, तर पुढे लिहिण्यासाठीचे एममॅप नाकारले जाते, आणि त्या नकाराचे मूळ दोन फंक्शने मागे असते.

जीपीयूने, म्हणजे ग्राफिक्स चिपने, काढलेला बफर थेट जोडून वाचू पाहाल तर वेगळीच मजा. इंटेलच्या एका मांडणीत मेमरी ५१२ बाइट रुंद आणि ८ ओळी उंच अशा तुकड्यांत असते, एक तुकडा बरोबर ४०९६ बाइटचा. ती ओळीने वाचली की चित्र पणजीतल्या एखाद्या जुन्या घराच्या अझुलेजो, म्हणजे पोर्तुगीज धाटणीच्या चित्रांच्या, फरशा उचकटून कशाही परत लावल्यासारखे दिसते. डंब बफर नेहमी सरळ ओळींचा असतो, त्यामुळे फलकवाल्यांनी याची चिंता करू नये. यूएसबीवरून किंवा एसपीआयवरून (लहान पडद्यांसाठीची साधी जोडणी) चालणारा पडदा असेल तर मात्र एक गोष्ट विसरू नये : तिथे कंट्रोलर बफर सतत वाचत नसतो. बदललेला चौकोन ‘डर्टी एफबी’ने कळवावा लागतो. नाहीतर पहिले चित्र छान उमटते आणि मग पडदा गोठतो.

समित्यांना एकच सुचवायचे आहे. फलक ताब्यात घेताना अर्ध्या तासाच्या प्रात्यक्षिकावर सही करू नये. तो रात्रभर संदेश बदलत चालू ठेवावा आणि सकाळी पाहावा. दर नव्या संदेशाला नवा बफर मागणारे आणि जुना न सोडणारे प्रोग्राम आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. रास्पबेरी पाय ४ वर पडद्याचे बफर सीएमए नावाच्या राखीव सलग मेमरीतून येतात. ती २५६ मेगाबाइट ठेवली असेल तर फुल एचडीचे ३२ बफर जेमतेम मावतात, आणि कन्सोलने आधीच काही घेतलेले असते. दर दहा मिनिटांनी संदेश बदलला तर साधारण पाच तासांत ‘कॅनॉट अलोकेट मेमरी’. संध्याकाळच्या आरतीला चालू केलेला फलक मध्यरात्रीच्या सुमारास मरतो, सकाळी कोणीतरी बटण बंद-चालू करतो, आणि ‘रात्री दव पडते ना’ असे निदान होते.

सोडण्याचा क्रम ठरलेला आहे : आधी तो बफर पडद्यावरून उतरवायचा, मग ‘एमअनमॅप’ तोच साइज देऊन, मग फ्रेमबफरचा क्रमांक काढून टाकायचा, मग ‘डिस्ट्रॉय डंब’. एमअनमॅप विसरून नुसते हँडल नष्ट केले तर आकडेमोडीत बफर गेलेला वाटतो, पण जोडणी शिल्लक असल्यामुळे मेमरी सुटत नाही. त्याहून सोपे म्हणजे सुरुवातीला दोनच बफर घ्यावेत आणि वर्षभर तेच वापरावेत. पुरावा पाहायचा असेल तर ‘प्रॉक’ फोल्डरातल्या ‘मेमइन्फो’ फाइलमध्ये ‘सीएमए फ्री’ नावाची ओळ आहे. संध्याकाळी तो आकडा वहीत लिहून ठेवावा, सकाळी पुन्हा वाचावा. दोन्ही आकडे साधारण सारखे असतील तर बिल मंजूर करायला हरकत नाही.

आपले नम्र,
लिनक्सवर काम करणारे काही जण,
फोंडा, गोवा